लाल मातीचं कीर्तिदालन

क्रिकेटचं मैदान सांगा म्हटलं तर तुम्ही पटकन वानखेडे म्हणाल, नाहीतर ईडन गार्डन. आणि कुस्तीचं मैदान? कोल्हापूर-सांगली-सातारा बाजूचं पोर असेल तर ते डोळे झाकून सांगेल, "खासबाग!" बाकीच्यांना मात्र जरा डोकं खाजवावं लागेल. तर चला, आज आपण तिथूनच सुरुवात करू. मग कऱ्हाडजवळच्या एका छोट्या गावी जाऊ आणि तिथून पार अमेरिकेतल्या एका खेड्यात. घाबरू नका, एस.टी.चं तिकीट फक्त पहिल्या दोन ठिकाणांचंच काढायचंय!

या फिरण्यात एक प्रश्न मात्र सोबत घ्या. एखाद्या खेळाची आठवण पुढच्या पिढ्यांसाठी जपायची, तर ती कशी जपायची? पुतळा उभारायचा? मोठी इमारत बांधायची? नामवंत खेळाडूंचे फोटो एका दालनात लावायचे? परदेशात अशा दालनाला 'हॉल ऑफ फेम' म्हणतात. आपण त्याला कीर्तिदालन म्हणू. मग आपल्या कुस्तीचं कीर्तिदालन कसं असावं? मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी खासबाग आणि गोळेश्वर ही दोन्ही ठिकाणं बघून आले. तेव्हापासून पोरं हा प्रश्न सोडायलाच तयार नाहीत!

राजाने रोममध्ये काय पाहिलं?

कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ भवानी मंडप आहे. तिथून चालत गेलं तर थोड्याच वेळात खासबाग मैदान लागतं. हे मैदान बांधलं राजर्षी शाहू महाराजांनी. त्याची गोष्ट सुरू होते १९०२ साली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाचा सोहळा होता आणि त्यासाठी महाराज बोटीने युरोपला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोम शहर पाहिलं. तिथलं कलोसियम पाहिलं. कलोसियम म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं प्रचंड दगडी क्रीडागार. मधे खेळाची जागा आणि सगळ्या बाजूंनी चढत गेलेल्या बैठका.

तिथं जुन्या काळी काय चालायचं ठाऊक आहे? माणसं माणसांशी आणि जनावरांशी लढायची, जीव जायचे आणि लोक ते बघायला बसायचे! महाराजांनी तिथली बांधणी तेवढी मनात घेतली. आपल्या कोल्हापुरातही असं गोल मैदान असावं, हजारो माणसांना एका वेळी कुस्ती बघता यावी, असं त्यांना वाटलं. १९०७ साली काम सुरू झालं आणि १९१२ साली मैदान पुरं झालं. म्हणजे शंभर वर्षं केव्हाच उलटून गेली की! आज त्याचं नाव आहे राजर्षी शाहू खासबाग कुस्ती मैदान.

मैदानात पाऊल टाकलं की आपण एखाद्या मोठ्या वाटीत उतरलोय असं वाटतं. वाटीच्या तळाशी मधोमध लाल मातीचा आखाडा. भोवताली चढत गेलेली बसायची जागा. आम्ही एक गंमत केली. वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलाला मधे उभं केलं आणि बाकीच्यांना चारी दिशांना पांगवलं. कुणी पुढं, कुणी मधे, कुणी अगदी वर. मग एकेकाला हाक मारून विचारलं, "दिसतोय का रे?" सगळीकडून एकच उत्तर, "दिसतोय, बाई!" असं का होतं? सोपं आहे. मागची प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा उंच आहे. त्यामुळं पुढच्याचं मुंडासं मागच्याच्या आड येत नाही. लांबून चालत आलेला शेतकरी असो नाहीतर दरबारातला सरदार, पैलवानाचा डाव दोघांनाही दिसणार.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच १९०२ साली शाहू महाराजांनी आपल्या संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या होत्या. सगळ्यांना जागा मिळाली पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. या मैदानाकडे बघताना मला तोच ध्यास दिसतो.

मैदानाला लागूनच एक नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांनीच १९१५ साली बांधलं. तेव्हा त्याला पॅलेस थिएटर म्हणत. पुढं गायक-नट केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. शंभराहून जास्त पावसाळे बघितलेली वास्तू एका रात्रीत जळाली. कोल्हापूरकर माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. पोरांना मी एवढंच सांगितलं की, जे जपायचंय ते आजच जपायचं. ते उद्या तिथं असेलच असं नाही.

माती साधीसुधी नाही!

मैदान असतं कुस्त्यांच्या दिवसासाठी. पैलवान घडतो तो तालमीत. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा नावाजलेल्या तालमी आहेत. तालमीत आत एक खोलगट जागा असते, तिला हौदा म्हणतात. हौद्यातली माती आणून नुसती पसरली असं नसतं, बरं का. लाल माती चाळून घेतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असं काय काय घालतात. कशासाठी? तेला-ताकाने माती मऊ राहते, धूळ उडत नाही. हळद खरचटल्यावर बरी. कापराने वास चांगला राहतो. आणि रोज ही माती फावड्याने उकरून भुसभुशीत करायची. हे काम पैलवानच करतात. त्यात त्यांचा व्यायामही होतो आणि खाली पडल्यावर हाडंही शाबूत राहतात.

पैलवानाचा दिवस पहाटेच सुरू होतो. तुम्ही-आम्ही साखरझोपेत असतो तेव्हा तो जोर आणि बैठका मारत असतो. मग हौद्यात लढत. मग खुराक. दूध, तूप, बदामाची थंडाई. शिकवणाऱ्याला म्हणतात वस्ताद. वस्तादांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! डावांची नावं तर ऐकत राहावीत अशी. ढाक, घिस्सा, कलाजंग, धोबीपछाड, एकचाक, मोळी. आमच्या वर्गातल्या पोरांनी दोन दिवस दुसरं काही केलंच नाही. मधल्या सुट्टीत नुसती 'मोळी' चालली होती! शेवटी मला शिट्टी वाजवावी लागली.

आणि तालमीच्या भिंती? तिथं जुन्या पैलवानांचे फोटो लावलेले असतात. फेटा बांधलेला, खांद्यावर गदा, छाती पुढं. बघा, कीर्तिदालन शोधायला आपण निघालो होतो आणि ते तालमीतच भेटलं की नाही? त्यातली काही नावं तुम्हाला पाठच असायला हवीत. श्रीपती खंचनाळे हे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. दुसऱ्याच वर्षी, १९६० साली गणपतराव आंदळकरांनी हा किताब मिळवला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर आणि सांगली जिल्ह्यातल्या कवठे पिरानचे मारुती माने या दोघांनीही एकेक सुवर्ण आणि एकेक रौप्यपदक पटकावलं. मानेही १९६४ साली हिंदकेसरी झाले. आंदळकरांनी पुढं मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून कितीतरी पैलवान घडवले. म्हणजे फोटोतला माणूस आणि खाली हौद्यात घाम गाळणारा पोरगा यांच्यात धागा तुटत नाही. वर बघायचं आणि खाली लढायचं.

गोळेश्वरचा खाशाबा

आता कोल्हापुराहून पुण्याच्या रस्त्याने निघू. साधारण ७० किलोमीटरवर कऱ्हाड येतं. इथं कृष्णा आणि कोयना या नद्या अगदी समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. कऱ्हाडच्या अगदी शेजारी गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी इथं एका पैलवानाच्या घरात एक मुलगा जन्मला. नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबा अंगाने काही आडदांड नव्हते. पण चपळ असे की, समोरच्याला कळायच्या आत डाव पडलेला! कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. हे सहावं येणं किती मोठं होतं ते समजून घ्या. आपली कुस्ती मातीवरची. ती निकाली असते, म्हणजे कुणाची तरी पाठ जमिनीला लागेपर्यंत चालते. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथं ठरावीक वेळ, गुण आणि पंच. मातीत पाय रुततो, गादीवर तो नाचवावा लागतो. नवे नियम, नवी गादी, समोर जगातले निवडक मल्ल. आणि तरी सहावा नंबर!

खाशाबांनी ठरवलं, पुढच्या वेळी पदक आणायचं. १९५२ चं ऑलिंपिक होतं फिनलंड देशात, हेलसिंकी शहरात. जायला पैसे कुठले? वर्गणी गोळा झाली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी स्वतःचं घर गहाण! मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एकही पोर हललं नाही.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशी याच्याकडून ते हरले. हाच इशी पुढं सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. ५७ किलो वजनगटात खाशाबांना कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्या जोडून त्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं! माझ्या मते पदकाइतकीच ही गोष्टही मोठी आहे.

यानंतर दुसऱ्या भारतीयाला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. ते मिळवलं टेनिसपटू लिअँडर पेसने. म्हणजे मधे ४४ वर्षं गेली. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला तर २०२४ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. आता तुम्हीच वजाबाकी करा. २०२४ वजा १९५२. किती आले?

खाशाबा पुढं पोलीस खात्यात नोकरीला लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. जिवंतपणी सन्मान असे फारसे वाट्याला आले नाहीत. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. २०२४ पासून त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

गोळेश्वरला त्यांच्या घराचं नाव आहे 'ऑलिंपिक निवास'. गावात त्यांच्या नावाने कुस्तीचं प्रशिक्षण केंद्र व्हावं, असं सगळ्यांना वाटत होतं. तशी घोषणाही झाली, पण काम काही पुढं सरकेना. वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केलं की, आम्ही खाशाबांचं पदकच लिलावात काढू आणि त्या पैशातून केंद्र उभारू. विचार करा! ज्या पदकासाठी एक घर गहाण पडलं, तेच पदक विकायची तयारी घरच्यांना दाखवावी लागली.

आमच्या वर्गात यावर मोठा वाद झाला. एक गट म्हणाला, "पदक विकायचं नाही म्हणजे नाही! ते काचेच्या कपाटात पाहिजे." दुसरा गट म्हणाला, "पण कपाटातलं पदक बघून कुणी पैलवान होतो का? त्याला तालीम लागते." मी कुणाचीच बाजू घेतली नाही. कारण दोघांचंही खरं होतं. काही गावांत पदक असतं पण तालीम नसते, आणि काही गावांत तालीम असते पण तिची आठवण कुणी लिहून ठेवलेली नसते. कीर्तिदालन करायचं तर दोन्ही एकत्र हवं.

अमेरिकेतलं एक खेडं

आता तिकीट न काढता करायचा प्रवास. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कूपरस्टाउन नावाचं खेडं आहे. तळ्याकाठचं, जेमतेम दोन हजार वस्तीचं. पण अमेरिकाभरची माणसं तिथं गर्दी करतात. कारण तिथं बेसबॉल या खेळाचं कीर्तिदालन आहे. १२ जून १९३९ रोजी ते सुरू झालं. बेब रूथ, टाय कॉब, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे पहिले पाच मानकरी तर १९३६ सालीच निवडले होते. प्रत्येक मानकऱ्याचा चेहरा कोरलेली ब्राँझची पाटी तिथं भिंतीवर असते.

निवडीचे नियम ऐका. खेळाडू मोठ्या स्पर्धांत निदान दहा हंगाम खेळलेला हवा. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. का? म्हणजे टाळ्यांचा आवाज खाली बसतो आणि माणूस शांतपणे विचार करतो. मग बेसबॉलवर लिहिणारे वार्ताहर मतं देतात आणि शंभरातल्या ७५ जणांनी होकार दिला तरच पाटी लागते. पास व्हायला ७५ टक्के, बघा!

पण या दालनाच्या दोन गोष्टी फार शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी. दालन कूपरस्टाउनलाच का बांधलं? तर १८३९ साली ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने तिथं बेसबॉलचा शोध लावला, असं एका समितीने १९०७ साली ठरवलं होतं म्हणून. त्याला आधार होता मुख्यतः एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या पत्राचा. नंतर अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा दिसलं की त्या साली डबलडे लष्करी शाळेत शिकत होता. त्याने स्वतः कधी असा दावाही केलेला नव्हता. गोष्ट खोटी निघाली! दालन आजही तिथंच आहे आणि ते छान आहे, पण त्याच्या पायाखाली एक दंतकथा आहे.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. अमेरिकेत कितीतरी वर्षं काळ्या खेळाडूंना मोठ्या संघांत घेतच नसत. त्यांचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती भिंत ओलांडली. सॅचेल पेज हा त्या वेगळ्या संघांतला जबरदस्त गोलंदाज, तिकडे त्याला पिचर म्हणतात. १९७१ साली त्याला दालनात घ्यायचं ठरलं, तेव्हा आधी असं सांगण्यात आलं की काळ्या संघांतल्या खेळाडूंसाठी वेगळा विभाग करू. लोकांनी सडकून टीका केली. आयुष्यभर वेगळं बसवलं, आता भिंतीवरही वेगळं बसवणार? शेवटी पेजची पाटी बाकीच्या मानकऱ्यांबरोबरच लागली.

म्हणून कीर्तिदालन करताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. ऐकीव गोष्ट तपासून घ्यायची. आणि कुणाला दाराबाहेर ठेवलंय का, ते स्वतःला विचारायचं.

आमच्या गावची तालीम

हे सगळं शिकून आल्यावर पोरं गप्प बसतील होय? आमच्या गावातही एक जुनी तालीम आहे. मागच्या पावसाळ्यात तिची एक भिंत खचली. गावची बैठक बसली. काही मंडळींचं म्हणणं, तालीम पाडून तिथं पैलवानांचं झकास स्मारक बांधू, संगमरवरी. बाकीच्यांचं म्हणणं, आधी भिंत बांधा, पोरं कुठं जोर मारणार? बैठक दोनदा मोडली.

मग चौथीच्या मुलांनी ठरवलं की, मोठ्यांचं भांडण मिटेपर्यंत आपण आपलं काम करू. घरोघर जाऊन पैलवानांची माहिती लिहून घ्यायची. वहीत रकाने आखले. नाव, गाव, कुठलं मैदान, कोणती साल, जोड कुणाशी, निकाल काय, आणि हे कुणी सांगितलं. शेवटचा रकाना कूपरस्टाउनवरून सुचलेला! दोन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं तरच ते पक्क्या शाईने लिहायचं, नाहीतर पेन्सिलने.

काय काय सापडलं म्हणून सांगू! एका घरात मुदगल दाराला टेकण म्हणून लावलेलं होतं. एका घरातलं बक्षिसाचं चांदीचं कडं लेकीच्या लग्नात मोडलं होतं. आज्जी म्हणाल्या, "कडं गेलं, पण लेक सुखात हाय." पोरांनी तेही लिहून घेतलं. ऐंशी ओलांडलेल्या एका पैलवान आजोबांनी ट्रंकेतून फेटा काढून दिला. पोरं त्यांच्या जिंकलेल्या कुस्त्या लिहायला लागली, तर आजोबा म्हणाले, "पोरांनो, हारल्यालं बी लिवा. ज्यानं मला चीत केलं त्यो लई तयारीचा गडी होता. त्याचं नाव लिवलं न्हाई, तर माझं तरी कशाला लिवता?" आता सांगा, असा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

वहीत एक पान जास्तीचं जोडावं लागलं. पैलवानाला पहाटे दूध तापवून देणारी, म्हशीची धार काढणारी, जखमेला हळद भरणारी माणसं कोण? तर आया, आज्ज्या, बहिणी. त्यांची नावं कुठल्याच फोटोखाली नव्हती. ती त्या पानावर आली.

आणि मग वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपल्या तालमीत मुलींना हौद्यात उतरू देतात का?" आमच्या तालमीत तशी रीत नाही. पण मी तिला एक बातमी सांगितली. मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली आणि चांदीची गदा उचलली. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते. मुलींची पाळी यायला ६० वर्षांहून जास्त काळ गेला, पण आली. मुलींनी हे वाक्य मोठ्या अक्षरात वहीत लिहिलं आणि ती वही घेऊन त्या थेट गावच्या तिसऱ्या बैठकीत गेल्या.

त्या बैठकीत वही मोठ्याने वाचली गेली. आपल्या बापाचं, चुलत्याचं नाव ऐकताना भलेभले गप्प झाले. संगमरवराचा विषय बाजूला पडला. लोकवर्गणीतून भिंत बांधायची आणि आतल्या ओसरीवर फोटो आणि वहीतली माहिती लावायची असं ठरलं. भिंत आता छातीइतकी वर आली आहे. मुलींच्या सरावाचं अजून ठरलेलं नाही. काही आजोबांचा होकार आहे, काहींचा नाही. तोवर तीन मुली शाळेच्या मैदानात रोज सकाळी बैठका मारतात. वही अजून उघडीच आहे.

तुम्ही काय कराल?

तुमच्या गावात कुस्ती नसेल तर कबड्डी असेल, खोखो असेल, मल्लखांब असेल. शहरात राहत असाल तर तुमच्या चाळीत, कॉलनीत, व्यायामशाळेत एखादे काका नाहीतर मावशी कधीकाळच्या नामवंत खेळाडू असतील. सुट्टीत त्यांच्याकडे जा. नमस्कार करा आणि विचारा. जुना फोटो मिळाला तर त्याच्यामागे पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहा, कारण वीस वर्षांनी फोटोतला माणूस कोण हे सांगायला कुणी उरत नाही. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्या. जिंकलेल्याबरोबर हरलेल्याचंही नाव लिहा. आणि ज्यांची नावं कुणीच सांगत नाही, ती मुद्दाम शोधा.

आईबाबांनाही एक सांगणं. मुलांना कोल्हापूरला नेलंत तर अंबाबाईचं दर्शन, रंकाळा आणि मिसळ यांच्या जोडीला खासबागेसाठी तासभर काढा. जमलं तर एखाद्या तालमीत वस्तादांची परवानगी घेऊन सकाळचा सराव बघा. चपला बाहेर काढायच्या आणि आत गलका करायचा नाही, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा. कऱ्हाडवरून जात असाल तर गोळेश्वरला जरूर थांबा. आणि येत्या १५ जानेवारीला शाळेत खाशाबांच्या फोटोला हार घालून झाला की लगेच वर्गात जाऊ नका. मैदानावर या आणि प्रत्येकाने निदान दहा बैठका मारा. गुरुजी आणि बाईंनीसुद्धा!